दुर्लक्ष सोसणारी वही

२०२३ ची दिवाळी जवळ आली होती आणि आमच्या शाळेच्या ऑफिसात रोज माणसं येत होती. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम मराठवाड्यात सुरू झालेलं. कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, १९५१ चं नागरिकांचं रजिस्टर अशा महसुली कागदांबरोबर जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरंही बघायची होती. मी इतिहास शिकवते, म्हणून हेडमास्तरांनी क्लार्कच्या मदतीला मला बसवलं. "बाई, आमचा आज्या इथंच चौथीपर्यंत शिकला म्हणत्यात. नाव सापडतंय का बगा ना," असं म्हणत कुणीतरी समोर बसायचं आणि आम्ही लोखंडी कपाट उघडायचो.

सगळ्यात जुनं रजिस्टर निजामाच्या काळातलं. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेले, पाठीची कापडी पट्टी उसवलेली. आत सगळं उर्दू. तारखा फसली सनातल्या, म्हणजे निजामी महसुली वर्षाच्या, महिन्यांची नावं आजर, दै, बहमन, खुर्दाद अशी. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, धंदा, गाव. शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर स्वच्छ. काही पानांना वरच्या कडेनं कसर लागलेली होती. त्या पानांवरची वरची दोन-तीन नावं गेली होती, खालची सगळी शाबूत. आमच्यापैकी कुणालाच उर्दू येत नाही, म्हणून गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावलं. सगळे त्यांना मास्टरसाब म्हणतात. ते चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून वाचायचे आणि मी मराठीत उतरवून घ्यायचे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या चुलत्याचं नाव निघालं, तेव्हा मास्टरसाबांनी ते दोनदा वाचलं, आणि त्या माणसानं रजिस्टरला हात लावून तो हात कपाळाला लावला.

त्याच कपाटात खालच्या खणात शाळेचे संगणकावरचे कागद होते. म्हणजे कागद नव्हतेच. फ्लॉपीचा एक डबा आणि सीडींची जिपवाली पिशवी. 'निकाल २००४-०५', 'स्नेहसंमेलन', 'शिष्यवृत्ती यादी', असं मार्करनं लिहिलेलं. सीडी नीट पाकिटांत घातलेल्या, पिशवी बंद केलेली, कपाटाला कुलूप. एका माजी विद्यार्थ्याला २००४-०५ चा निकाल हवा होता म्हणून ती सीडी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेली. फायलींची नावं दिसली. उघडायला गेलं की ड्राइव्ह घरघरायचा आणि थांबायचा. दुसऱ्या सीडीला संगणकानं ओळखलंच नाही. फ्लॉपी वाचायचं यंत्र त्या बाजारात कुणाकडेच नव्हतं.

कपाटापुढे बसल्या बसल्या मला जे उमगलं, त्यासाठी हे सगळं लिहिते आहे. ते निजामाच्या काळातलं रजिस्टर कुणीही जपलं नव्हतं. ते जुन्या इमारतीत गळक्या कौलांखाली होतं, मग नव्या इमारतीत क्रीडासाहित्याच्या खोलीत चेंडू-जाळ्यांखाली दबलेलं होतं, आणि पुढे कुणीतरी कपाटात टाकलं. सीडी मात्र जपल्या होत्या. ज्याची कुणी फिकीर केली नाही ते वाचता आलं आणि जे पाकिटात घालून कुलपात ठेवलं ते गेलं. माध्यम किती वर्षं टिकतं, असं आपण विचारतो. माझ्या मते आधी हे विचारायला हवं, की ते किती दुर्लक्ष सोसतं.

जुनं ते टिकाऊ, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याला जुन्यातलं फक्त उरलेलं दिसतं. किती ताम्रपट भांड्यांसाठी वितळले, किती पोथ्या वाळवीनं खाल्ल्या, किती दप्तरं पुरात आणि आगीत गेली, त्याची यादी कुठेच नाही. आणि कागदातही फार फरक आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कागद करणाऱ्यांची ही वस्ती, असं सांगतात. चिंध्या कुजवून, कांडून, लगदा जाळीवर पसरून केलेला तो कागद. वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घोटायचा. त्यात कापसाचे लांब धागे असतात आणि आम्ल जवळजवळ नसतं. त्यावर काजळ आणि डिंकाच्या शाईनं बोरूनं लिहायचं. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन, ते उन्हानं विटत नाही. अशा पोथीला वाळवी, कसर आणि पाणी हेच शत्रू. पोथ्या उतरवणारे शेवटच्या पानावर एक श्लोक लिहून ठेवत, त्यात पोथीच सांगते: मला तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधणीपासून सांभाळ, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. चारच गोष्टी. तेवढं केलं की ती शे-दोनशे वर्षं कुणाकडे काही मागत नाही.

एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद आला. त्याला शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळेची खळ दिली जायची. तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे तोडत राहतं. आमच्या शाळेतलं १९७०-७५ चं रजिस्टर याच जातीचं. निजामाच्या वेळचं पान दुमडलं तरी सरळ होतं. या रजिस्टरचं पान दुमडलं की घडीवर तुकडा पडतो. पानं कडेनं गव्हाळ, मग तपकिरी होत गेली आहेत आणि उलटताना चुरा टेबलावर सांडतो. पन्नास वर्षांचा कागद ऐंशी वर्षांच्या कागदापेक्षा म्हातारा झाला आहे. म्हणजे घसरण संगणकापासून सुरू झाली असं नाही. आपण जास्त लिहायला, स्वस्तात लिहायला लागलो तिथपासून ती सुरू आहे.

सीडीचं आतलं बांधकाम कळलं की तिचं जाणं नवलाचं वाटत नाही. घरी भरता येणाऱ्या सीडीत प्लास्टिकच्या चकतीवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसरनं त्या रंगावर डाग पाडले जातात आणि ते डाग म्हणजेच आपली माहिती. त्या रंगावर चांदीसारख्या धातूचा अतिशय पातळ आरसा आणि आरशावर फक्त लाखेसारख्या लेपाचं संरक्षण. आपण जपतो चमकणारी बाजू, कारण तिच्यावर ओरखडे दिसतात. खरी नाजूक बाजू नाव लिहायची. तिथून आरशाला हवा लागली की तो काळवंडतो, आणि रंग तर ऊन, ऊब, दमट हवा यांनी आपणहून विटत जातो. शंभर वर्षांच्या जाहिराती झाल्या त्या प्रयोगशाळेतल्या थंड, कोरड्या अंधाराचा हिशेब करून.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी, म्हणजे संगणकातली न फिरणारी डिस्क, यांचं आणखी वेगळं. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी हा फ्लॅशचा प्रकार शोधला. त्यात माहिती म्हणजे एका अतिसूक्ष्म कोठडीत कोंडलेला विजेचा भार. भोवती ऑक्साइडची भिंत. त्या भिंतीतून भार झिरपत असतो, माठातून पाणी झिरपावं तसा, आणि उन्हाळ्यात जास्त. कोठडी जितक्या वेळा लिहून-पुसून वापरली तितकी भिंत झिजते. या उद्योगाचं जे प्रमाण ठरलेलं आहे त्यानुसार, घरगुती एसएसडी तिच्या लिहिण्याच्या क्षमतेच्या अखेरीला आली असेल, तर वीज न देता ३० अंश तापमानात तिनं एक वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. नवी, कमी वापरलेली असेल तर कितीतरी जास्त टिकते, हे खरं. पण ३० अंश! आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर असतो आणि पत्र्याखालच्या खोलीतल्या बंद कपाटात त्याहून वर. तापमान वाढलं की झिरपणं झपाट्यानं वाढतं. परभणी, बीड, नांदेडच्या घराघरांत लग्नाचे फोटो भरलेले पेनड्राइव्ह अशाच कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी ठेवलेले आहेत. सोनं तिथं राहील. फोटोंचं मला खात्रीनं सांगता येत नाही.

हार्ड डिस्कमध्ये चकती गरगर फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. मोटर, तेलपाणी, नाजूक पाती सगळं आलं. वापरात असो वा पडून असो, पाच-सात वर्षांनंतर तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आणि हे सगळं जातं ते एकदम जातं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. कागद आधी पिवळा पडतो, कडा सुटतात, कसरीची बारीक भोकं दिसतात. तो वर्षानुवर्षं सांगत असतो की मी चाललो आहे, मला उतरवून घ्या. अर्धा गेला तरी अर्धा वाचता येतो. मरायला टेकलेली एसएसडी बाहेरून नव्यासारखीच दिसते. एका संध्याकाळी चालते, दुसऱ्या सकाळी चालत नाही.

मुलांना घेऊन अजिंठ्याला गेले की मी पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीपुढे जरा जास्त थांबते आणि रॉबर्ट गिलची गोष्ट सांगते. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर दगड-मातीचे रंग. पाचव्या शतकातली चित्रं. शेकडो वर्षं ती रानात पडून होती. वटवाघळं, पाऊस, साधूंच्या धुन्यांचा धूर. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथं पोचला, तेव्हाही ती भिंतीवर होती. मग १८४४ मध्ये गिलला या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. त्यानं आयुष्याची वर्षं अजिंठा गावात काढली, मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुन्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ काम चाललं. त्यातल्याही बऱ्याच नकला लंडनला साठवून ठेवलेल्या असताना १८८५ च्या आगीत गेल्या. जपण्यासाठी केलेल्या प्रती दोनदा जळाल्या. मूळ चित्रं वाघूर नदीच्या काठावर, डोंगरात, जिथल्या तिथं राहिली.

गोष्ट इथं संपवली तर ती खोटी होईल. मूळ चित्रंही गेल्या दोनशे वर्षांत खूप गेली. लोकांनी नावं कोरली, तुकडे काढून नेले, किड्यांनी गिलाव्यातला काडीकचरा खाल्ला. निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेले पापुद्रे चिकटवून खूप काही वाचवलं, पण वरून दिलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं. आज भिंतीवर जे उरलेलं नाही असं काही ग्रिफिथ्सच्या वाचलेल्या कॅनव्हासवर आणि गिलनं काढलेल्या फोटोंत दिसतं. मूळ आणि प्रत, दोघांनी एकमेकांना राखलं. जे एकाच ठिकाणी होतं ते कधी ना कधी गेलंच.

वेरुळच्या गिलाव्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातले एक रसायनतज्ज्ञ आणि आमच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक यांनी तिथल्या मातीत भांगेच्या झाडाचे धागे ओळखले. ते धागे किड्यांना दूर ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाही आणि तिथं किड्यांनी चित्रांचं पुष्कळ नुकसान केलं. कुण्या गवंड्यानं मातीत काय मिसळायचं ते ठरवलं आणि त्याचा निकाल दीड हजार वर्षांनी लागला. आपल्यापैकी फोन विकत घेताना किंवा फोटो साठवताना इतक्या लांबचा विचार कोण करतो? करायची सवयच राहिलेली नाही.

वस्तू टिकली तरी वाचणारा टिकावा लागतो. मास्टरसाब नसते तर आमचं रजिस्टर सीडीइतकंच मुकं होतं. मराठवाड्यात याचं फार मोठं उदाहरण आहे ते महानुभावांचं. पैठणला, जाळीच्या देवाला त्यांची मोठी स्थानं. चक्रधर स्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस गोळा केल्या. परंपरा सांगते की देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली आणि मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ती पुन्हा लिहिली गेली. हिराइसेच्या पाठाचं नाव आजही घेतात. एका बाईच्या स्मरणात ग्रंथ राहिला. पुढे पंथानं आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. कागद चांगला, शाई चांगली, मठातली राखण चांगली, आणि तरी बाहेरच्या जगाला कित्येक शतकं त्यातलं एक अक्षर कळलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीचं कुलूप उघडलं, तेव्हा मराठी गद्याचा इतिहास काही शतकं मागे गेला.

आज प्रत्येक फाईल अशीच एका सांकेतिक लिपीत असते. फक्त ती लिपी आपल्याला दिसत नाही, कारण वाचणारं सॉफ्टवेअर हाताशी असतं. पंचवीस वर्षांपूर्वी गावोगावच्या डीटीपी केंद्रांत जे मराठी टाइप झालं ते त्या त्या फॉन्टच्या खासगी खुणांत. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरलेली खुणांची पद्धत, रुळायच्या आधीचं. आमच्या तालुक्याच्या एका साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेची फाईल मला मिळाली. उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी. तो फॉन्ट शोधला, मग परिवर्तक शोधला, मग जोडाक्षरं हातानं दुरुस्त केली. छापील स्मरणिका एका कवीच्या घरी ट्रंकेत होती, ती काहीच न करता वाचता आली.

आता माझ्या घरातलं सांगते. माझी आत्या जात्यावर ओव्या म्हणायची. गोदाकाठचं गाव, पहाटेचं दळण. गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, पण लग्नात हळद दळायला ती बसली की बायका भोवती जमायच्या. माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर तिला भरून घेतलं. भरून झाल्यावर कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुंट्या स्क्रू-ड्रायव्हरनं मोडल्या. त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलंच जात नाही. घरात सिनेमाची गाणी भरायला पोरं टपलेली असायची, म्हणून.

आत्या गेल्यावर कॅसेट माझ्याकडे आली. माझा जुना डेक चालू होईना. उघडून बघितला तर आतला रबराचा पट्टा वितळून काळं डांबर झालेला, चाकांना चिकटलेला. नांदेडच्या एका कारागिरानं स्पिरिटनं ते खरवडून काढलं आणि नवा पट्टा बसवला. कॅसेटमधली नमद्याची बारीक गादी सुटली होती, ती दुसऱ्या कॅसेटमधली काढून बसवली. मग लावली. आधी खरखर. आणि मग, आत्याचा आवाज सुरू व्हायच्या जरा आधी, तोच आवाज अगदी दुरून, पुसट ऐकू आला. मी दचकले. कारागीर म्हणाले, "भूत नाही बाई. फीत गुंडाळून पडून राहिली की एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उतरतं." मग आत्या पूर्ण आवाजात:

सरलं माझं दळण, उरली पसाभर ज्वारी
बंधू आला न्यायाला, बैल उभे दारी

मागे जात्याची घरघर आणि दुसरी एक बाई 'गं माय' म्हणत झील धरते आहे. पंचवीसेक वर्षं ती फीत लोखंडाच्या गंजासारख्या भुकटीत हे सगळं घेऊन पडून होती. आवाजाच्या वरच्या पट्ट्या झिजल्या आहेत, दोन ठिकाणी आवाज बुडतो. तरी ओवी कळते. ही फीतसुद्धा रजिस्टरसारखीच सोसणारी निघाली.

मी ती कारागिराच्या सांगण्यावरून संगणकावर उतरवली, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये, डब्ल्यूएव्ही प्रकारची फाईल म्हणून. मिनिटाला दहा एमबी लागतात, पण आवाज दाबला जात नाही. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला एमपीथ्री वेगळी केली. ज्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर मूळ फाईल ठेवली होती, ती दोन उन्हाळ्यांत बंद पडली. जोडली की आत टिकटिक वाजायचं, बस. दुसरी प्रत पुण्याच्या चुलत भावाकडे ठेवली होती म्हणून वाचलं, आणि कॅसेट तर होतीच.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, आणि ते मी शाळेत, तहसीलमध्ये, नातेवाइकांत, जिथं संधी मिळेल तिथं सांगते: स्कॅन झालं म्हणून मूळ रद्दीत घालू नका. सध्या सगळीकडे स्कॅनिंग चालू आहे. चांगलंच आहे. सातबारा फोनवर मिळतो, जुना फेरफार बघायला तालुक्याला चकरा माराव्या लागत नाहीत, आणि जीर्ण पान रोज उलटावं लागत नाही म्हणून त्याचंही आयुष्य वाढतं. पण स्कॅन झाल्या झाल्या "आता हे धूळ खाणारं कशाला?" असा प्रश्न निघतो. जागा हवी असते. पाच-पंचवीस किलो रद्दी आणि एक मोकळं कपाट एवढाच त्यातला फायदा. स्कॅन वापरायला, मूळ राखायला. आमच्या रजिस्टरचे फोटो काढले, तेव्हा कडेच्या पेन्सिलीच्या खुणा फोटोत आल्या नव्हत्या. मास्टरसाबांनीच दाखवल्या, शाळा सोडल्याच्या तारखा तिथं होत्या.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला पंचीकरणाचा ग्रंथ, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या वळणावरचा. कापडावरची शाई चारशे वर्षं टिकली, याचं एक कारण कापडात असेल. दुसरं कारण असं, की ती दासोपंतांच्या वंशजांकडे, देवघरात आहे. तिथली वस्तू कुणी अडगळीत टाकत नाही, सणावाराला तिच्याकडे बघावंच लागतं. हार्ड डिस्कला असा कुठलाच नेम नाही, आणि दुर्लक्ष मुळीच न सोसणारी वस्तू तीच.

मी तो नेम दसऱ्याला लावला आहे. आमच्याकडे त्या दिवशी पाटी, पुस्तकं, पोथ्या काढून पुजतात. मी दोन्ही डिस्क काढते. पूजा झाली की त्या जोडते आणि प्रत्येक फाईल पूर्वीसारखीच आहे का ते तपासते. त्यासाठी हॅश नावाचा हिशेब असतो. संगणक फाईलमधल्या सगळ्या अक्षरांवर गणित करून चौसष्ट चिन्हांची एक ओळ काढतो. फाईलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते. या ओळी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. हे काम करताना मला दर वर्षी पैठणच्या नाथांची आठवण होते. ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला तीनशे वर्षं होत आली होती, प्रतीवरून प्रत उतरवताना पाठ बिघडत गेले होते. नाथांनी वेगवेगळ्या प्रती जमवल्या, पाठाला पाठ लावून बघितला आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली. एकच पोथी हाताशी असती तर चूक कुठली आणि मूळ कुठलं हे त्यांना तरी कसं कळलं असतं? प्रती अनेक हव्यात, वेगवेगळ्या घरी हव्यात आणि कुणीतरी त्या समोरासमोर ठेवून वाचायला हव्यात.

दर चार-पाच वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं, जुनी लगेच टाकायची नाही. एक प्रत दुसऱ्या गावात. आणि एक कागद. हा कागद सगळ्यांनी लिहावा अशी मनापासून विनंती आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात लाखाच्या घरात ओव्या जमल्या, त्यात परभणी-बीडकडच्या बायकाही आहेत. त्या ओव्या आजही उपयोगी पडतात, कारण कुणी म्हटली, कुठल्या गावची, हे तिथं लिहिलेलं आहे. आपल्या घरातल्या कॅसेटवर नुसतं 'ओव्या' लिहिलेलं असतं. आवाज वाचेल आणि तो कुणाचा हे जाईल.

आत्याच्या कॅसेटच्या डबीत मी काळ्या शाईनं लिहिलेला कागद ठेवला आहे. नाव, माहेर, सासर, साल, कुणी भरली, कुठल्या लग्नाच्या हळदीला. झील धरणारी बाई कोण, ती ओळ मात्र कोरी आहे. माझी आई म्हणते ती आत्याची जाऊ. वसमतची मामी म्हणते, "छे गं माय, जावेचा आवाज इतका बारीक नव्हता. शेजारची असंल." आत्याच्या वयाची एक मैत्रीण अजून गावात आहे, तिला ऐकू कमी येतं पण हेडफोन लावला की कळतं म्हणे. या दिवाळीत लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जायचं ठरलं आहे.